कराचीतलं वऱ्हाड

चौदा ऑगस्टचा दिवस होता. दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनासाठी मुलांच्या भाषणांची तालीम घेऊन मी शिक्षक खोलीत आलो. एका सहकाऱ्याने हसत हसत विचारलं, "सर, आज तुमचा स्वातंत्र्यदिन ना?" दोन-तीन जण हसले. मीही हसलो. पाणी प्यालो आणि पुढच्या तासाला निघून गेलो.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. विचारणारा माणूस वाईट नव्हता, माझ्या मुलीच्या आजारपणात दोनदा यवतमाळला गाडी घेऊन आलेला. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला घाटंजीसारख्या गावात असे प्रश्न अधूनमधून येतात. कधी क्रिकेटच्या निमित्ताने, कधी सीमेवर काही घडलं म्हणून. आपण दोनच उत्तरं शिकलोय. एक हसून गप्प बसायचं, दुसरं पाकिस्तानला चार शिव्या देऊन आपली सुटका करून घ्यायची. तिसरं उत्तर देता येतं का, हे पाहण्यासाठी हा लेख लिहितोय. तिसरं उत्तर लांबलचक आहे. त्याची सुरुवात कराचीतल्या एका पाटीवरून होते.

कराचीत 'सी. पी. बेरार सोसायटी' नावाची वस्ती आहे. सी. पी. म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस आणि बेरार म्हणजे आपलं वऱ्हाड. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि आमचं यवतमाळ. हा मुलूख मूळचा निजामाचा. १८५३ मध्ये इंग्रजांनी तो कारभारासाठी ताब्यात घेतला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला आणि पुढे प्रांताचं नाव झालं 'मध्य प्रांत व वऱ्हाड'. १९५० मध्ये त्याचा मध्य प्रदेश झाला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. नागपुरात एखाददुसऱ्या शिक्षणसंस्थेच्या नावात 'सी. पी. अँड बेरार' उरलंय, बाकी ते नाव आपण विसरलो. कराचीत मात्र ते आजही रिक्षावाल्याला सांगायच्या पत्त्यात आहे. आपल्याकडे संपलेला प्रांत समुद्रापलीकडे एका मोहल्ल्याच्या रूपाने जिवंत आहे.

ही पाटी तिथे कशी गेली? फाळणीचा इतिहास आपण पंजाब आणि बंगालच्या अंगाने वाचतो. वऱ्हाडात मुसलमान किती होते? १९४१ च्या शिरगणतीत साऱ्या मध्य प्रांत-वऱ्हाडात शंभरात पाचही नव्हते. पाकिस्तानचा नकाशा कसाही काढला, तरी घाटंजी किंवा पुसद त्यात येणार नव्हतं, हे शाळकरी पोरालाही कळत होतं. तरीही १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत इथल्या चौदा मुस्लिम जागांपैकी तेरा मुस्लिम लीगने जिंकल्या. हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

पण त्याच्या दोन बाजूही सांगायला हव्यात. तेव्हा मतदानाचा हक्क सर्वांना नव्हता. सारा भरणारे, मालमत्ता असणारे, शिकलेले, असेच मतदार होते. विणकर, हमाल, रोजंदारीवर कापूस वेचणारी बाई यांना कुणी विचारलंच नव्हतं. दुसरी बाजू अशी, की भीती होती. १९३७ नंतरच्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात रविशंकर शुक्लांची 'विद्या मंदिर' योजना आली. गावोगाव स्वस्तात शाळा काढण्याची योजना, हेतू चांगला. पण 'मंदिर' या नावावरून मुसलमानांत मोठी नाराजी झाली. लीगने तिचा पुरेपूर वापर केला. शिक्षक म्हणून मला वाटतं, त्या भांडणात दोन्हीकडच्यांनी एका शब्दाची किंमत ओळखली नाही. एकाला तो बदलणं क्षुल्लक वाटलं, दुसऱ्याला त्यावर अख्खं राजकारण उभं करता आलं. शाळा मागे राहिली.

नागपूरचे नवाब सिद्दीक अली खान हे लीगच्या नॅशनल गार्डचे प्रमुख. ते पाकिस्तानात गेले आणि लियाकत अली खानांचे राजकीय सचिव झाले. १६ ऑक्टोबर १९५१ रोजी रावळपिंडीत लियाकत अलींना गोळी घातली गेली, तेव्हा ते तिथेच होते. 'बे-तेग सिपाही' हे त्यांचं उर्दू आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. पुढाऱ्यांची चरित्रं अशी लिहिली गेली. साध्या माणसांची फक्त पत्रं उरली.

आमच्या घरातही अशी पत्रं आहेत. माझ्या दादांचे, म्हणजे अब्बांच्या वडिलांचे, धाकटे भाऊ जिनिंगमध्ये कारकून होते. आम्ही त्यांना छोटे दादा म्हणतो, जरी आमच्यापैकी कुणी त्यांना पाहिलं नाही. १९४८ च्या सुरुवातीला ते यवतमाळहून शकुंतला गाडीने मूर्तिजापूर, तिथून मोठ्या लाईनने मुंबई आणि मुंबईहून बोटीने कराचीला गेले. त्यांना लीगचं फार वेड नव्हतं. जिनिंगमधले दोन सोबती निघाले होते. 'चार महिने पाहून येतो, नोकरी चांगली मिळाली तर बायको-पोरांना नेईन,' असं सांगून ते गेले. दादा गेले नाहीत. आठ एकर कोरडवाहू जमीन होती, दोन बैल होते आणि पणजीने उंबरा सोडायला साफ नकार दिला होता.

'पाहून येतो' हे शब्द आज भाबडे वाटतात. तेव्हा तसे नव्हते. मुंबई-कराची हा प्रवास देश बदलण्याचा आहे, हे लोकांच्या अंगवळणी पडलं नव्हतं. जुलै १९४८ मध्ये भारत सरकारने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट लागू केलं. कायमचं परतायचं तर वेगळं परमिट, ते मिळणं अवघड. ऑक्टोबर १९५२ मध्ये पासपोर्ट आला. छोटे दादा या दोन तारखांच्या पलीकडे अडकले. घरातली त्यांची खोली कस्टोडियनच्या दप्तरात गेली. बायको-पोरं मोठ्या खटाटोपीने त्यांच्याकडे पोचली, पण ते स्वतः पुन्हा घाटंजीला आले नाहीत. पणजी वारली, ते त्यांना चाळिसावा उलटून गेल्यावर कळलं.

ते लालुखेतला राहत. ही निर्वासितांनी वसवलेली मोठी वस्ती, पुढे तिचं नाव लियाकताबाद झालं. सी. पी. बेरार सोसायटीत घर घेण्याची ऐपत नव्हती. पण सुटीच्या दिवशी ते तिथे जात. एका पत्रात लिहिलंय की तिथे आपल्याकडची माणसं भेटतात, जरा जबान मोकळी होते. कुठली जबान? पत्र उर्दूत आहे, पण त्यात 'सरकी', 'वखर', 'बोंडं' हे शब्द तसेच येतात. ते विचारतात, यंदा बोंडं कशी धरली? वाघाडीला पूर आला का? एका पत्रात अंबाडीच्या भाजीची आठवण आहे. उर्दू ही त्यांची मातृभाषा आणि तिच्याच नावाने देश उभा राहिलेला. तरी त्या देशातल्या उर्दूत अंबाडी नव्हती, तिथले लोक त्यांची बोली ऐकून हसत. आमच्या घरात मी उर्दूचा शिक्षक झालो, पण मराठीवरही तितकाच जीव का जडला, याचं एक कारण ही पत्रं आहेत. ६५ आणि ७१ च्या लढायांत टपाल बंद पडलं. ७१ नंतरची खंड तर काही वर्षांची होती. शेवटचं पत्र १९७८ चं.

आता याच रस्त्याने थोडं मागे जाऊ. मुंबई-कराची ही वाट फाळणीने तयार केली नव्हती. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे जवळपास नव्वद वर्षं कराचीचा कारभार मुंबईहून चालला. कारकून, शिक्षक, इंजिनिअर मुंबई इलाख्याच्या मराठी मुलखातून तिकडे जात. कराचीची पोरं मॅट्रिक होत ती मुंबई विद्यापीठाची.

त्यातलं एक नाव प्रत्येक मराठी शिक्षकाला माहीत असायला हवं. नारायण जगन्नाथ वैद्य. मराठी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरातले. सिंधमध्ये ते डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर होते. १८५५ मध्ये कराचीत सुरू झालेली सिंधमधली पहिली सरकारी शाळा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. एन. जे. व्ही. हायस्कूल. मुंबईपासून वेगळ्या झालेल्या सिंधच्या विधानसभेची पहिली बैठक १९३७ मध्ये याच शाळेच्या इमारतीत भरली. फाळणी झाली, सरकारं बदलली, लष्करी राजवटी आल्या आणि गेल्या, शाळेचं नाव बदललं नाही. अलीकडे 'अखुवत' ही पाकिस्तानी सेवाभावी संस्था तिचा कारभार पाहते आणि गरीब घरातली मुलं तिथे शिकतात. एका मराठी हिंदू शिक्षणाधिकाऱ्याचं नाव पाकिस्तानातल्या मुस्लिम मुलांच्या वह्यांवर आजही लिहिलं जातं. पाकिस्तानबद्दल चांगलं काय सांगाल, असं कुणी विचारलं तर मी पहिल्यांदा हे सांगेन.

वैद्यांच्या काळात सिंधीची लिपी कोणती असावी यावर मोठा वाद होता. कॅप्टन स्टॅकला देवनागरी हवी होती, रिचर्ड बर्टनला अरबी वळणाची. १८५३ मध्ये अरबी वळणाची बावन्न अक्षरांची वर्णमाला ठरली. पुढे १८६८ मध्ये हिंदू व्यापाऱ्यांच्या वहीखात्यातल्या लिपीला शिस्त लावून शाळेत आणण्याचं काम वैद्यांकडे आलं. ते फार टिकलं नाही, अरबी वळणाची लिपीच रुजली. पण एकाच वर्गात दोन लिप्या शिकवाव्या लागल्या तर काय होतं, हे मी रोज पाहतो. फळ्यावर मराठी डावीकडून निघते, उर्दू उजवीकडून, आणि पोरं मध्ये कुठेतरी गोंधळतात. दीडशे वर्षांपूर्वी त्याच गोंधळात बसलेला तो मराठी माणूस मला म्हणूनच जवळचा वाटतो.

यवतमाळला एका सिंधी कापड दुकानदाराकडे मी ईदची खरेदी करायचो. त्यांचे वडील गल्ल्याशेजारी बसून जुनी सिंधी पुस्तकं वाचायचे. एकदा मी डोकावलो. अक्षरं ओळखीची, शब्द अनोळखी. मी उच्चार करत एक ओळ वाचली. म्हातारबाबा चकित झाले. त्यांच्या घरात त्यांच्यानंतर ती लिपी वाचणारं कुणी नव्हतं. ते मला एकेका ओळीचा अर्थ सांगू लागले. ते सक्करहून लुटून-पिटून आलेले, माझे छोटे दादा घाटंजीहून तिकडे गेलेले. आम्ही दोघांनी त्या विषयाला हात लावला नाही. फक्त वाचलं. निघताना त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "सिंध बहुत अच्छा था." त्यांना कुणी देशद्रोही म्हटलं नसतं. म्हणूही नये.

नागपूरचे ताजुद्दीन बाबा आपल्याकडे सगळ्यांचे. जन्म कामठीचा, १८६१ चा. लोकांनी वेडा ठरवून वेड्यांच्या इस्पितळात टाकलेल्या या फकिराला राजे रघूजी भोसल्यांनी आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यावर नेलं. १९२५ मध्ये बाबांचा इंतकाल झाला. ताजाबादला आज हिंदू-मुसलमान दोघेही चादर घेऊन जातात. त्यांचा सिलसिला पाकिस्तानात कराचीत फुलला. कलंदर बाबा औलिया हे त्यांच्याच नात्यातले. तरुणपणी कित्येक वर्षं नागपुरात बाबांच्या सोबत राहिले आणि पुढे कराचीत त्यांनी अज़ीमिया सिलसिला सुरू केला. बाबा ज़हीन शाह ताजी हे सूफी कवीही याच साखळीतले. नावातलं 'ताजी' हे ताजुद्दीन बाबांवरून आलेलं. अबिदा परवीन त्यांचं कलाम गातात, तेव्हा त्या सुरात कुठेतरी नागपूर आहे. आमच्या घरी गुरुवारी संध्याकाळी ते लागतं.

पाकिस्तानी संस्कृती म्हणून आपण ज्याला दाद देतो, ती बरीचशी अशी आहे. मेहदी हसन जन्मले राजस्थानातल्या लूणा गावात. बेवारस प्रेतांना खांदा देणारे, टाकून दिलेल्या तान्ह्या पोरांसाठी पाळणे ठेवणारे अब्दुल सत्तार एधी गुजरातेतल्या बांटव्याचे. 'तनहाइयां' आणि 'धूप किनारे' लिहिणाऱ्या हसीना मोईन कानपूरच्या. पण हे सारं 'आपलंच' म्हणून हिसकावून घेणंही बरोबर नाही. एधींची रुग्णवाहिका कराचीच्या रस्त्यांवर उभी राहिली. फैज़ अहमद फैज़ यांचा तुरुंग तिथला, हबीब जालिब यांनी ज्यांना सुनावलं ते हुकूमशहा तिथले, फहमीदा रियाज़ यांना ज्या राजवटीमुळे आपल्या देशात येऊन राहावं लागलं ती राजवटही तिथली. तिथल्या माणसांनी तिथल्या दुःखातून ते निर्माण केलं. म्हणून ते त्यांचं आहे आणि आपल्यापर्यंत पोचतं.

२०१४ मध्ये 'ज़िंदगी' वाहिनीवर पाकिस्तानी मालिका सुरू झाल्या. आमच्या शेजारच्या काकू रोज रात्री जेवण आटोपून आमच्याकडे 'ज़िंदगी गुलज़ार है' पाहायला यायच्या. उर्दू शब्द अडला की माझी बायको सांगायची. एक दिवस काकू म्हणाल्या, "अगं, यांच्यातही सासू अशीच, पोरीचं लग्न जमेना तर घरात असंच." त्यांना पाकिस्तान कळलं ते स्वयंपाकघरातून. २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर त्या मालिका बंद झाल्या. आमचे जवान मारले गेले होते, राग रास्त होता. काकूंनी मात्र महिनाभर विचारलं, त्या पोरीचं पुढं काय झालं असेल?

आता आशेबद्दल. पाकिस्तानबद्दल आशा बाळगणं म्हणजे त्याच्या चुका झाकणं नव्हे. माझ्या विषयाचीच चूक घेतो. उर्दू ही तिथे शंभरात दहा जणांचीही मातृभाषा नाही. तरी ती एकटीच राष्ट्रभाषा म्हणून लादण्याचा हट्ट झाला. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात बंगालीसाठी पोरांनी गोळ्या झेलल्या आणि १९७१ मध्ये देश तुटला. धर्म एक असला की देश टिकतो, हा दावा तिथेच खोटा ठरला. उर्दू शिकवणारा म्हणून मला याची शरम वाटते, कारण माझ्या भाषेच्या नावाने ते झालं. उर्दूचा त्यात दोष नव्हता. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत पंचाहत्तर लाख लोकांनी उर्दू आपली मातृभाषा सांगितली. कुणावर न लादताही ती इथे जगते आहे.

११ ऑगस्ट १९४७ ला कराचीत संविधान सभेपुढे जिनांनी सांगितलं होतं की, नागरिकाच्या धर्माशी राज्यकारभाराला देणंघेणं नसेल. त्या देशाने हे भाषण पाळलं नाही. १९७९ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे अब्दुस सलाम अहमदिया होते. त्यांच्या कबरीच्या दगडावरचा 'मुस्लिम' हा शब्दसुद्धा पुसला गेला. तिथल्या हिंदू, ख्रिस्ती, अहमदिया लोकांनी काय सोसलं, हे जाणून घेतल्याशिवाय भारतीय मुसलमानाने आपल्या हक्कांबद्दल बोलू नये, असं माझं मत आहे. इथे जे आपण मागतो, तेच तिथल्या अल्पसंख्याकांसाठी मागायला हवं.

आणि ते अल्पसंख्याक आपले मराठीही आहेत. कराचीत आजही मराठी हिंदू कुटुंबं राहतात. त्यांच्या घरात मराठी बोलली जाते, पोरं उर्दू-सिंधीत शिकतात आणि भाद्रपदात गणपती बसतो. क्लिफ्टनला समुद्रकाठी रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे. अरबी समुद्रात तिकडेही 'मोरया' होतं, इकडेही होतं. त्यांनाही कुणीतरी कधीतरी हसत हसत विचारत असेल, 'पंधरा ऑगस्ट तुमचा ना?' तेही हसून पाणी पीत असतील. ज्या दिवशी त्या मराठी माणसाला हा प्रश्न कुणी विचारणार नाही, त्या दिवशी पाकिस्तान सुधारला असं मी समजेन. आपल्याकडची कसोटीही तीच.

बाकी मागण्या साध्या आहेत. कराचीतली आपली वकिलात १९९४ पासून बंद आहे. २००६ मध्ये सुरू झालेली, मुनाबाव-खोकरापार मार्गाने जाणारी थार एक्सप्रेस २०१९ पासून थांबली आहे. दहशतवाद्याला रेल्वेचं तिकीट लागत नाही. ते लागतं बहिणीच्या मयतीला निघालेल्या म्हाताऱ्याला. सरकारांनी आपली भांडणं जरूर लढावीत, पण टपाल, वृद्धांचा व्हिसा आणि पुस्तकं एवढ्यांना त्यातून वगळावं.

तर त्या सहकाऱ्याला माझं उत्तर. नाही, माझा स्वातंत्र्यदिन उद्या आहे. त्यासाठीच सकाळपासून पोरांची तालीम घेतोय. पण आज ज्यांचा आहे, त्यांच्यात माझ्या छोट्या दादांची नातवंडं आहेत, ताजुद्दीन बाबांचे मुरीद आहेत आणि नारायण जगन्नाथ वैद्यांच्या शाळेतली पोरं आहेत. त्यांचं भलं व्हावं असं मला वाटतं. त्यात माझ्या देशाचं काहीच कमी होत नाही.

वाचकांना एक विनंती. तुमच्याही घरात ट्रंकेच्या तळाशी अशी पत्रं असतील. भीतीपोटी अनेकांनी ती जाळली, आमच्याही एका नातलगाने जाळली. आता जाळू नका. उर्दू वाचता येत नसेल तर जवळच्या उर्दू शाळेत जा, कुणीतरी गुरुजी वाचून देतील. घाटंजीला आलात तर मी देईन.